एक्केचाळीस मिनिटं

१

सोमवारी दहाच्या कॉफीला हिल्का चार मिनिटं उशिरा पोचली आणि दारातच तिच्या लक्षात आलं, की आपल्याला चोर ठरवून झालेलं आहे.

तसं कोणी म्हणालं नव्हतं. तुर्कूत असलं कोणी तोंडावर म्हणत नाही. फक्त ती आत शिरली आणि बोलणं थांबलं. संगणकवाला यार्को कपात डोकं घालून बसला, आणि एरवी आपण होऊन तिच्यापुढे सरकणारी वेलदोड्याच्या पावांची बशी टेबलाच्या त्या टोकालाच राहिली. टेबलावर विभागाचा पत्र्याचा डबा उघडा होता. त्यात ध्वनिमुद्रणाची नखाएवढी कार्डं ओळीने लावलेली असत, प्रत्येकाखाली क्रमांक. त्र्याहत्तर क्रमांकाची जागा रिकामी होती.

"गोदीचं कार्ड गेलं," प्रोफेसर केर्टू वेहमास म्हणाल्या. "शुक्रवारी दुपारी मी स्वतः पाहिलं होतं."

"कपाटाला कुलूप होतं ना?" हिल्काने विचारलं.

"होतं की," डेस्मंड म्हणाला. "आणि किल्ली कॉफीच्या डब्यामागे. मला ठाऊक आहे म्हणजे अख्ख्या फिनलंडला ठाऊक आहे."

डेस्मंड खरा शेजारच्या विभागातला. जन्माने इंग्रज, वीस वर्षं तुर्कूत मुलांना इंग्रजी शिकवतो, कॉफी मात्र इथे पितो. एके काळी तो याच कामावर होता. पण हे काम अजब होतं. या विभागाने अकरा वर्षं जमवली ती इंग्रजांची इंग्रजी नव्हेच. पोलंडचा माणूस फिनलंडच्या माणसाशी बोलतो, तो फिलिपिन्सच्या माणसाशी बोलतो, आणि तिघांपैकी कोणाच्याही आईची ती भाषा नसते. ती दुव्याची इंग्रजी. ती मुद्रित करायची, चुका, अडखळणं, हुंकार यांच्यासकट अक्षरशः उतरवायची, आणि मग संगणकावर मोजायची. डेस्मंडने तीन महिने बसून सगळ्यांच्या चुका प्रेमाने दुरुस्त करून ठेवल्या होत्या. मग त्याला हात जोडले.

जूनमध्ये संग्रहाने दहा लाख शब्द गाठले. आता येत्या शुक्रवारी बाहेरची परीक्षक येणार होती, आणि तिने एकच मागितलं होतं: गोदीचं मुद्रण, म्हणजे जहाजांच्या गोदीतल्या सहा देशांच्या सहा जणांची बैठक, स्वतःच्या कानांनी ऐकायचंय. गोदीच्या अटीमुळे त्या कार्डाची दुसरी प्रत कुठेही ठेवलेली नव्हती.

त्याच शुक्रवारी संग्रहाचा रक्षक नेमायचा होता. कायमची जागा, एकच. उमेदवार दोन: हिल्का आणि इल्दिको.

इल्दिको बारन्याई टेबलाच्या त्या टोकाला बसली होती, लाल डोळ्यांनी, आणि पावांची बशी तिच्यापुढे होती. गोदीचं मुद्रण तिचं. त्यावरचा गाजलेला लेखही तिचाच.

कॉफी संपल्यावर प्रोफेसरबाईंनी हिल्काला आपल्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "परत ठेवून दे, हिल्का. मी कोणाला काही विचारणार नाही."

२

हिल्काच्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरा घाव वेगळाच होता: केर्टूला ते खरं वाटू शकलं, याचा.

कारण मत्सर तिला होताच. तो तिने स्वतःपासून कधी लपवला नव्हता. अकरा वर्षं ती कानाला यंत्र लावून, पायाने कळ दाबत, लोकांचे हुंकार उतरवत होती. दहा लाखांतले चार लाख शब्द तिच्या बोटांतून गेले होते. आणि ही इल्दिको बुडापेस्टहून चार वर्षांपूर्वी आली, एक मुद्रण आणलं, एक लेख लिहिला, आणि केर्टू परिषदांना जाताना हिल्काऐवजी तिला नेऊ लागली. इल्दिकोला मिळालेली शाबासकी हिल्काच्या घशात माशाच्या काट्यासारखी अडकायची. तिचं हसणं, तिचे लोकरी मोजे, कॅलेंडरात तिच्या नावाला नेमलेल्या दिवशी विभागाने आणलेला केक, सगळं हिल्काच्या डोळ्यांत सलायचं.

"जळत होते म्हणून चोर झाले?" ती यार्कोच्या दारात उभी राहून म्हणाली.

"मी कुठे काय म्हटलं?" यार्को दचकला. तो सप्टेंबरात लागलेला, अजून सगळ्यांना घाबरून असायचा.

"तुझ्या मानेने म्हटलं. बरं, सांग, गोदीचा मजकूर शेवटचा कधी हाताळला गेला?"

"बावीस जूनला. उन्हाळी सणाच्या सुटीआधी. त्यानंतर कोणी हात लावलेला नाही. मी तर तेव्हा नव्हतोच इथे."

"कोणी ठेवला ते दिसतं?"

"नाही. गोदीच्या फायलींवर उतरवणाऱ्याचं नाव घालायचं नाही, असा करार आहे म्हणे. तुम्हालाच ठाऊक असेल, कोणी उतरवलं ते."

हिल्काला अर्धंच ठाऊक होतं. विभागाची एक जुनी शिस्त होती. कान थकतो, म्हणून कोणालाही एका वेळी चाळीस मिनिटांपेक्षा जास्त मुद्रण द्यायचं नाही. प्रोफेसरबाई स्वतः मुद्रणाचे तुकडे करून वाटायच्या, आणि काम झालं की तुकडा पुसून टाकायच्या. गोदीतली बैठक दोन तासांची. पहिला तुकडा मे महिन्यात हिल्काने उतरवला होता. तिच्या वहीत नोंदही होती, शिवाय कुरकुर: 'त्र्याहत्तर, पहिला भाग, एक्केचाळीस मिनिटं. एक मिनिट फुकट!' पुढचे भाग कोणीतरी उतरवले असतील, असं ती धरून चालली होती.

डेस्मंडला गाठलं तेव्हा तो खिडकीत उभं राहून हवेला नावं ठेवत होता.

"मला तुमच्या संग्रहाचा मत्सर वाटतो, हे खरंय," तो म्हणाला. "माझी भाषा, आणि माझ्यावाचून काही अडत नाही तुमचं! पण चोरायचं तर मी अख्खा डबा नेला असता बाई. एक कार्ड नेऊन काय लोणचं घालू?"

राहिली इल्दिको. तिच्याशी बोलायचं म्हणजे हिल्काला कडू औषध घेण्यासारखं होतं.

"दुसरा भाग तू उतरवलास का?" हिल्काने विचारलं.

"मी कशी उतरव... अगं, ज्याने मुद्रण केलं त्याने ते उतरवायचं नाही, ऐकायचंही नाही, हा नियम तूच तर मला पहिल्या दिवशी..."

"शिकवला. कारण मग माणूस ऐकत नाही, त्याला आठव..."

"आठवतं, हो हो. आणि मी तर खोलीत नव्हतेच! लोक मोकळं बोलावेत म्हणून यंत्र टेबलावर ठेवलं आणि बाहेर बसले. दोन तासांनी उचललं, कार्ड केर्टूच्या हातात दिलं. पुढचं तूच केलं असशील, असं मला वाटत होतं." मग तिचा आवाज बारीक झाला. "हिल्का, कार्ड तू घेतलं असशील तर मी रागावणार नाही."

"मी नाही घेतलं," हिल्का दात आवळून म्हणाली. "आणि तुझ्या क्षमेची मला गरज नाही."

३

बुधवारी हिल्काने एक साधा प्रश्न स्वतःला विचारला: या चोरीत नुकसान कोणाचं झालं?

इल्दिकोचं? तिचा लेख जागेवर होता. संग्रहाचं? गोदीचा मजकूर यंत्रावर जसाच्या तसा होता, दहा लाखांचा आकडा तसाच होता. जळणाऱ्या माणसाने मजकूर बिघडवला असता. इल्दिकोचा घात करायचा तर हिल्काने तेच केलं असतं, हे तिने मनातल्या मनात कबूलही केलं. पण या चोराने मजकुराला धक्का लावला नाही. त्याने फक्त तो ऐकण्याची सोय काढून घेतली.

म्हणजे लिहिलेलं आणि बोललेलं जुळत नव्हतं, आणि ते कोणाच्या कानावर पडायला नको होतं.

तिने मजकूर उघडला आणि अकरा वर्षं जे केलं तेच केलं. मोजायला बसली. आधी आपला भाग, मग पुढचा.

तिच्या एक्केचाळीस मिनिटांत माणसं एकमेकांच्या अंगावर पडून बोलत होती. दोघं एकाच वेळी बोलले अशा दोनशे बारा जागा. ऐकता ऐकता केलेले हुंकार, म्हणजे नुसतं 'हं, हं', पावणेचारशे. पुढच्या एकोणऐंशी मिनिटांत एकाच वेळी बोलण्याच्या जागा तीन. हुंकार एकोणीस.

फिलिपिन्सचा एक जोडारी, म्हणजे जहाजाचे भाग जोडणारा कामगार, त्या बैठकीत होता. पहिल्या एक्केचाळीस मिनिटांत त्याने सगळे मिळून चौसष्ट शब्द उच्चारले होते, बहुतेक वेळा 'हो साहेब'. पुढच्या भागात त्याच गड्याचे शब्द भरले अठराशे सात.

हिल्का खुर्चीत मागे टेकली. खरी माणसं असं बोलत नाहीत. हा भाग कोणी ऐकून उतरवलेला नव्हता. कोणीतरी बसून रचला होता, नाटक रचावं तसा.

आणि इल्दिकोच्या गाजलेल्या लेखाचा पाया नेमका तोच होता! उसन्या भाषेत माणसं एकमेकांना जास्त ऐकून घेतात, बुजरा जोडारीसुद्धा हळूहळू बोलता होतो. परिषदेत लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. हिल्का घरी राहून ते पडद्यावर बघत होती, आणि तिला सूप गिळवलं नव्हतं.

"सापडलीस," ती मोठ्याने म्हणाली. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

४

गुरुवारी सकाळी पत्र तयार होतं. परीक्षकबाईंना, प्रत प्रोफेसरबाईंना. त्यात एकही खोटं वाक्य नव्हतं. आकडे होते, आणि शेवटी एक प्रश्न: या रचलेल्या भागाचा फायदा कोणाला झाला? उत्तर वाचणाऱ्याने द्यायचं होतं. हिल्काने ठरवलं, जेवून येऊ आणि पाठवू.

गुरुवार म्हणजे वाटाण्याचं सूप. उपाहारगृहात गर्दी होती, आणि इल्दिको थाळी घेऊन नेमकी तिच्यासमोर येऊन बसली.

"उद्याचं मला फार..." हिल्काने औपचारिक सुरुवात केली.

"भीती वाटते, मलाही!" इल्दिको म्हणाली. "रात्रभर झोप नाही, आणि केर्टू म्हणते की..."

"केर्टू काय म्हणते ते..."

"ती म्हणते शांत राहा. मी आणि शांत! माझी आजी म्हणायची, आमच्या घरात घास गिळायला थांबलं की आपली पाळी गेली."

हिल्काने सवयीने मोजलं. अर्धं सूप होईपर्यंत इल्दिकोने तिला नऊ वेळा मधेच तोडलं होतं. चार वर्षं तोडत आली होती. प्रत्येक बैठकीत, प्रत्येक कॉफीला, आणि प्रत्येक वेळी हिल्काच्या कपाळावर आठी पडली होती. सगळ्या विभागात या बाईचं बोलणं इतकं निरखून कोणी ऐकलं नसेल.

आणि मग चमचा तिच्या हातातच राहिला.

रचलेल्या त्या भागात सहा माणसं एकोणऐंशी मिनिटं बोलत होती आणि कोणी कोणाला तोडत नव्हतं. एकाचं पूर्ण झालं की दोन-तीन सेकंद शांतता, मग दुसरा. वाद पेटला तरी तेच. इल्दिकोला असली बैठक रचता आलीच नसती. बोलणं असंही असतं, हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं. डेस्मंडला तर तीन सेकंदांची शांतता पडली की हवेचा विषय काढावा लागतो.

सहा देशांची माणसं अशी थांबून थांबून बोलतात, असं कोणाला वाटेल? ज्याच्या घरी, शाळेत, सौनाच्या वाफेतसुद्धा सगळे तसेच बोलतात त्याला. ते लिहिणारा माणूस फिनिश होता.

हिल्का सूप अर्धवट टाकून उठली. इल्दिको मागून विचारत राहिली, "काय झालं? मी काही बोलले का?"

खोलीत येऊन हिल्काने शेवटचं मोजलं: त्या भागात कोण किती बोललं. सहा आकडे पडद्यावर आले. तिने ते पुन्हा एकदा मोजून पाहिले.

५

शुक्रवारी टेबलाशी सहा जण होते. परीक्षकबाई, यार्को, डेस्मंड (कॉफीसाठी), इल्दिको, हिल्का आणि मध्यभागी प्रोफेसरबाई. त्यांच्या बैठकीची पद्धत अकरा वर्षांत बदलली नव्हती. डावीकडून सुरुवात, प्रत्येकाला पाच मिनिटं, कोणालाही वगळायचं नाही, कोणालाही जास्त नाही. नवख्या यार्कोलासुद्धा पाच मिनिटं बोलावंच लागे. बिचारा प्रिंटरच्या शाईबद्दल बोलला.

"हिल्का," प्रोफेसरबाई म्हणाल्या.

हिल्काचं पत्र अजून पाठवलेलं नव्हतं. तेवढं पाठवलं असतं, आणि थांबण्याबद्दल, शांततेबद्दल ती गप्प राहिली असती, तर संध्याकाळपर्यंत जागा तिची होती. हे तिला ठाऊक होतं. काल रात्री अंथरुणात तिने ते दहा वेळा मनात घोळवलं होतं.

"कार्ड कोणी घेतलं ते मी सांगते," ती म्हणाली. "पण आधी कार्डात काय आहे ते. त्यात दोन तास नाहीत. एक्केचाळीस मिनिटं आहेत. मग यंत्र बंद पडलं."

"काय?" इल्दिको ओरडली. "पण मी दोन..."

"तू बाहेर होतीस. ऐकलं नाहीस, आणि ऐकायचं नाही हाच नियम. मला मे महिन्यात एक्केचाळीस मिनिटांचा तुकडा मिळाला. अकरा वर्षांत कोणाला चाळिसाच्या वर मिनिट मिळालेलं नाही. कारण तो तुकडा नव्हताच. तेवढंच मुद्रण होतं. पुढचे भाग दुसऱ्या कोणी उतरवले, असं मला वाटलं. बाकीच्यांना वाटलं, मी."

तिने आकडे वाचले. जोडाऱ्याचे अठराशे सात शब्द ऐकून डेस्मंड हसला, मग त्याने कप खाली ठेवला. इल्दिकोचा चेहरा पांढरा पडत गेला. आपला लेख कशावर उभा आहे, ते तिला कळत होतं.

"म्हणजे हे हिने रचलं?" परीक्षकबाईंनी इल्दिकोकडे बोट केलं.

"नाही," हिल्का म्हणाली, आणि तो एक शब्द उच्चारायला तिला फार कष्ट पडले. "या बाईला मी चार वर्षं ऐकतेय. ती कोणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही, आणि इतर लोक होऊ देतात हे तिला ठाऊकच नाही. या भागात सगळे पाळी येईपर्यंत थांबतात. हे डेस्मंडचंही नाही. यार्को तेव्हा इथे नव्हता. मजकूर जूनमध्ये ठेवला गेला. तेव्हा संग्रहाला दहा लाखांत जवळजवळ अकरा हजार कमी होते. आणि रचलेल्या भागात शब्द किती आहेत? अकरा हजारांच्या आसपास."

परीक्षकबाईंनी तो आकडा वहीत टिपून घेतला.

"त्या भागात सहा माणसं आहेत. कोण किती बोललं ते मी मोजलं. अठराशे चाळीस, अठराशे बारा, अठराशे सात, अठराशे एकोणतीस, अठराशे तेवीस, अठराशे पंधरा." हिल्काने पहिल्यांदाच मध्यभागी पाहिलं. "सहा माणसांना असं सारखं वाटून देणारं माणूस मला एकच माहीत आहे. जोडारी गप्प बसलेला तुला बघवला नाही, केर्टू. तू त्यालाही पाच मिनिटं दिलीस."

प्रोफेसरबाईंनी तिला एकदाही तोडलं नव्हतं. त्या तीन सेकंद थांबल्या. मग त्यांनी पर्समधून चष्म्याचं घर काढलं, त्यातून नखाएवढं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"दक्षिणेतल्या त्या दुसऱ्या विद्यापीठाच्या, आपल्यासारख्याच संग्रहाने एप्रिलमध्ये दहा लाख गाठले," त्या म्हणाल्या. "माझ्यानंतर चार वर्षांनी सुरू केला त्यांनी. लोक त्यांची नावं घेत होते आणि मी हसून मान डोलवत होते. मत्सर काय तुला एकटीलाच वाटतो, हिल्का?"

"आणि मला सांगितलंस परत ठेव म्हणून!"

"तू नाकारशील, मी मान्य केल्यासारखं करीन आणि प्रकरण मिटेल, असं वाटलं. तू जळतेस हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेवढं कारण लोकांना पुरतं, पुढे कोणी विचार करत नाही."

"आणि मी?" इल्दिको रडत होती. "माझा लेख तू वाचलास. तीनदा वाचलास! एकदाही..."

"पहिल्यांदा वाचला तेव्हाच सांगायचं होतं," प्रोफेसरबाई म्हणाल्या. "मग लोकांनी टाळ्या वाजवल्या."

६

केर्टू वेहमास नाताळच्या आत निवृत्त झाल्या. केक आणला गेला नाही. संग्रहाचा आकडा पुन्हा दहा लाखांच्या खाली आला, आणि तसा जाहीर केला गेला.

इल्दिकोने त्याच संध्याकाळी आपला लेख स्वतः मागे घेतला, कारणासकट, कोणावर दोष न ढकलता. नेमणूक लांबणीवर टाकलेल्या निवड समितीला ते फार आवडलं. असा सचोटीचा माणूस संग्रहाला हवा, असं त्यांनी लिहिलं, आणि जागा तिला दिली. हिल्काच्या चिकाटीचं त्यांनी दोन ओळींत कौतुक केलं.

नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी हिल्का नव्या खोलीच्या दारात गेली. इल्दिको खोक्यांमध्ये जमिनीवर बसली होती.

"अभिनंदन," हिल्का म्हणाली.

"तू गप्प बसली असतीस तर ही खोली तुझी होती."

"हो. पत्र लिहूनही ठेवलं होतं."

"मग का नाही पाठवलंस? तुला तर मी डोळ्यांसमोर नको असते."

"आजही नको असतेस," हिल्का म्हणाली. "पण चार वर्षं जळत जळत तुला बघितलंय ना. तू काय करशील आणि काय करणार नाहीस, हे मला पाठ झालंय. पाठ असलेलं खोटं कसं लिहू?"

इल्दिको उठली आणि तिने तिला घट्ट मिठी मारली. हिल्का खांबासारखी उभी राहिली.

"सोड," ती म्हणाली. "अभिनंदन केलंय. मिठीचं काही ठरलं नव्हतं."

बाहेर साडेतीनलाच अंधार पडला होता. बसथांब्यावर हिल्का रडली. जागा गेली म्हणून, केर्टू गेली म्हणून, आणि वरच्या मजल्यावर त्या खोलीत दिवा लागलेला दिसला म्हणून. टेबलाशी खरं बोलल्याचं मात्र तिला वाईट वाटलं नाही. बस आली तेव्हा तिने नाक पुसलं आणि आत जाऊन खिडकीपाशी बसली.